कॅलेंडरवरची आई

मी चित्रकलेचा मास्तर. मंचरच्या एका हायस्कुलात एकवीस वर्षं मुलांना 'माझी आई' या विषयावर चित्र काढायला लावतोय. एवढ्या वर्षांत चार-पाच हजार आया माझ्या हाताखालून गेल्या असतील. अंबाडा, रुपयाएवढं कुंकू, समोर शेगडी आणि पदराला धरलेलं एक पोर. एकदा सातवीतल्या अश्विनी नावाच्या मुलीनं आई भरदुपारी भिंतीकडं तोंड करून झोपलेली काढली होती. नुसती पाठ. मी विचारलं, "चेहरा कुठाय गं?" ती म्हणाली, "सर, ती दुपारची अशीच असते." मी तिला दहापैकी तीन मार्क दिले.

हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं मी जे केलं ते कुठल्या अकलेनं केलं हे कळेल.

आमचं गाव लोणी. शेती थोरला भाऊ भिमाजी बघतो, मी नोकरीमुळं मंचरला राहतो आणि रविवारी बांधावर जाऊन शेतकरी असल्याचं समाधान मिळवतो. गेल्या वर्षी जानेवारीत कांद्याची लागण चालली होती, तेव्हा असाच गेलो होतो. वाफ्यांत आठ-दहा बाया ओणव्या होऊन रोपं लावत होत्या. त्यात नंदा होती, यमाजीची बायको. यमाजी चौथीपर्यंत माझ्या बाकावर बसायचा, मग मेंढरांमागं गेला तो गेलाच. त्याच्याकडं अजून साठेक मेंढरं आहेत. दिवाळी झाली की तो ती घेऊन घाट उतरतो आणि पावसाच्या तोंडाला परत येतो. मधले सात महिने नंदा घरी एकटी. एकटी म्हणजे ऋतिकबरोबर.

ऋतिक तिचा मुलगा. वय बावीस. तीन वर्षांचा असताना तापात फिट आली आणि तेव्हापासून त्याला बोलता येत नाही, समज आहे ती तिथंच थांबली. अंगानं मात्र बापावर गेलाय, चांगला रुंद. चालतो, पळतो, हाताला लागेल ते तोंडात घालतो, सगळं कपड्यात करतो. चिडला की चावतो. नंदाच्या दोन्ही दंडांवर दातांचे वण आहेत. एक मुलगी होती, तिचं लग्न झालं आणि तिच्या सासरी ऋतिकचं नाव काढायचं नाही असं दोन्ही घरांत ठरलेलं आहे.

त्या दिवशी नंदाच्या कमरेला एक लोकरीचा दोर होता. काळ्या-पांढऱ्या लोकरीचा, हातानं वळलेला, बोटभर जाड. त्याचं दुसरं टोक ऋतिकच्या कमरेला. ती वाफ्यात पुढं सरकली की तो बांधावरून तेवढाच पुढं सरकायचा. बाकीच्या बायांना त्याचं काही वाटत नव्हतं, त्यांना सवय होती.

जेवणाच्या सुट्टीच्या आधी ऋतिकला फिट आली. नंदानं हातातलं रोप टाकलं, त्याला कुशीवर वळवलं आणि थांबली. कुणी धावलं नाही, कारण करण्यासारखं काही नव्हतं. फिट गेल्यावर तिनं त्याला ओढत बाभळीखाली नेलं, डोकं मांडीवर घेतलं आणि पदरानं त्याचं तोंड पुसू लागली. बाभळीतून ऊन तिच्या अर्ध्या चेहऱ्यावर पडलं होतं. माझ्यातला कलावंत जागा झाला. तो झोपलेलाच बरा होता. मी पिशवीतून वही काढली आणि समोर बसलो.

"वहिनी, जरा तशाच बसा."

"कुटं जातीय," ती म्हणाली.

रेघा ओढता ओढता मी विचारलं, "हा पळून जातो म्हणून दोर बांधलाय का?"

"पळतो की. पर दोर त्याच्यासाठी न्हाई. सासूनं माझ्यासाठी वळलाय त्यो." तिची सासू गजराबाई दोन वर्षांपूर्वी गेली. ती होती तोवर दिवसा ऋतिककडं ती बघायची.

"तुमच्यासाठी म्हणजे?"

"मेंढी कदी कदी व्याली का पिल्लाला जवळ घेईना. ढुशी मारती. मग पिल्लाला न्हाई बांधत, सर, मेंढीला बांधत्यात खुट्याला. पिल्लू आचळाला लावायचं आन् तिला हलू द्यायचं न्हाई. आठ-धा दिसांत तिला त्याचा वास बसतो. मग दावं सोडलं तरी जात न्हाई." तिनं ऋतिकच्या तोंडावरची माशी हाकलली. "ह्याला पयली फिट आली, डॉक्टरनं सांगितलं ह्यो असाच ऱ्हाणार, तवा म्या ह्याला टाकून म्हायेरी गेलते. दोन महिनं ऱ्हायले. सासूनं माघारी आणली आन् बांधली. येक टोक ह्याला, येक मला. पाण्याला जायाचं तरी संगं."

"मग?"

"मग काय. बसला वास."

हे ती रडून बोलली नाही की हसून बोलली नाही. कांद्याच्या रोपाबद्दल बोलावं तसं बोलली. मी ऐकलं आणि मान हलवली. खरं सांगायचं तर मी तेव्हा तिच्या पदराच्या चुण्या काढत होतो आणि त्या मनासारख्या जमत होत्या.

चित्र मी घरी मोठ्या कॅनव्हासवर केलं. पुण्यातल्या एका संस्थेनं मातृत्व या विषयावर स्पर्धा ठेवली होती, तिची शेवटची तारीख जवळ आली होती. पहिल्यांदा दोरही रंगवला होता. पण तो जिथं येत होता तिथं सगळं चित्र बिघडवत होता. नजर मांडीवरच्या डोक्याकडं जायची सोडून कमरेकडं जायची, आणि बघणाऱ्याच्या मनात नको ते यायचं. दोन संध्याकाळी मी त्याच्याशी झटलो. शेवटी रंग चढवून तो घालवला आणि त्याच्या जागी ऋतिकच्या मुठीत नंदाच्या पदराचं टोक दिलं. चित्र लगेच शांत झालं. मला स्वतःचंच कौतुक वाटलं. खाली नाव घातलं, 'वात्सल्य'.

माझी बायको आरती चहा घेऊन आली आणि कप हातात धरूनच बराच वेळ बघत राहिली.

"कसं वाटतंय?" मी विचारलं.

"छान आहे. ही बाई आदल्या रात्री झोपली होती वाटतं."

मला राग आला. शाळामास्तरच्या बायकोला कलेतलं काय कळणार, असं मी मनात म्हटलं आणि चहा न पिता ठेवून दिला.

चित्राला पहिलं बक्षीस मिळालं. परीक्षकांनी मुठीतल्या पदराबद्दल पाच मिनिटं भाषण केलं. पेपरात रंगीत फोटो आला. शाळेनं शाल दिली. दिवाळीच्या सुमाराला एका पतसंस्थेनं विचारलं, नव्या वर्षाच्या कॅलेंडरसाठी द्याल का? मी होय म्हणालो. जानेवारी उजाडला तेव्हा मंचरपासून लोणीपर्यंत किराणा दुकानांत, सलूनमध्ये, दवाखान्यांत, कांद्याच्या आडतीवर, जिथं तिथं नंदा टांगलेली होती. बारा महिने तेच एक चित्र, खाली तारखा आणि संकष्टी.

मी एक कॅलेंडर, एक साडी आणि पेढे घेऊन तिच्या घरी गेलो. तिनं कॅलेंडर उलगडून दारातल्या उजेडात धरलं.

"नाक बरं काढलंय माझं," ती म्हणाली. मग बोट ठेवून म्हणाली, "दोर कुठाय?"

"तो बरा दिसत नव्हता."

"खरंय. लोकं काय म्हणली असती." तिनं कॅलेंडर गुंडाळून परत माझ्या हातात दिलं. "घरात नको, सर. ह्यो फाडून खाईल."

पुढच्या आठवड्यात ती मंचरला दवाखान्यात आली होती, तेव्हा आमच्या घरी टेकली. मी शाळेत होतो. ऋतिकला तिनं आमच्या अंगणातल्या नळाशेजारी बसवलं होतं, असं आरतीनं सांगितलं. ती मला काही सांगणार नव्हती, बाईमाणसाचं दुखणं, ते तिनं आरतीला सांगितलं. ऋतिकला उचलून उचलून तिचं अंग बाहेर येत होतं. तीन वर्षं झाली होती. आता चालतानाही येत होतं, ती हातानं आत सारून कापडाची घडी लावून वाफ्यात उतरत होती. डॉक्टरांनी सांगितलं, लगेच ऑपरेशन करा आणि त्यानंतर तीन महिने जड उचलायचं नाही.

"आणि घरी ते सत्तर किलोचं जड बसलेलं आहे," आरती म्हणाली. "तुम्ही तिला साडी दिलीत ना?"

यमाजीला मी फोन लावला. तो माणगावच्या बाजूला कुठंतरी माळावर होता. "मेंढरं कुणाच्या जिवावर टाकू, राव?" तो म्हणाला. "आन् पोरगं माझ्याकडनं घास बी घेत न्हाई. तिच्याबिगर त्याचं होत न्हाई, तुला ठावं हाय." यात खोटं काही नव्हतं.

एकच वाट होती. आळेफाट्याच्या पुढं अशा मुलांसाठी एक निवासी संस्था आहे. नंदानं तिथं तीन वर्षांपूर्वी, गजराबाई अंथरुणाला खिळली तेव्हाच, अर्ज करून ठेवला होता. चाळीस खाटा आणि यादी शंभराच्या वर. आता दोन जागा रिकाम्या झाल्याचं कळलं होतं आणि यादीत तिचा नंबर दुसरा होता. ती मला म्हणाली, "सर, तुमी शिकल्यालं हाये. परत येक अर्ज नीट लिहून द्या. लागलं तर संगं या. येवढं येक झालं का म्या आपरेशन करून घेते आन् नीट उभी ऱ्हाते."

मी अर्ज लिहिला. सुवाच्य अक्षरात, दोन पानं. दवाखान्याचे कागद जोडले. आणि मग मला वाटलं, नुसत्या कागदांनी काय होतंय, समितीपुढं शेकड्यानं कागद येत असतील. नंदाचं तर नाव झालंय. मी चित्राची एक चांगली छापील प्रत फ्रेम करून घेतली, त्यावर सही ठोकली आणि अर्जाबरोबर संस्थेला भेट म्हणून पाठवली. अर्जात एक वाक्यही घातलं, की सुप्रसिद्ध 'वात्सल्य' या चित्रातल्या माता त्या ह्याच. मी तिच्यासाठीच केलं, हे खरं आहे. पण फ्रेम करताना मी खालच्या पट्टीवर माझं नाव मोठ्या अक्षरात घालायला सांगितलं होतं, हेही खरं आहे.

दहा दिवसांनी बोलावणं आलं. मी भिमाजीची गाडी घेतली, नंदा आणि ऋतिक मागं बसले. नंदानं त्याला आंघोळ घालून नवा शर्ट घातला होता. एका पिशवीत त्याचे कपडे, दोन चादरी, गोळ्या आणि त्याची ताटली भरून घेतली होती. त्याला आजच ठेवून घेतील असं तिला वाटत होतं. मलाही वाटत होतं. मंचर गेलं, नारायणगाव गेलं. आळेफाट्याला गाडी थांबवली तेव्हा तिनं त्याच्यासाठी वडा घेतला आणि बारीक करून भरवला. त्यातला एक तुकडा स्वतःच्या तोंडात टाकला. तिला मी खाताना पहिल्यांदाच पाहत होतो.

संस्थेच्या ऑफिसात शिरलो आणि समोरच्या भिंतीवर ती फ्रेम लागलेली. व्यवस्थापक वृषालीताई खुर्चीतून उठून पुढं आल्या आणि त्यांनी नंदाचे दोन्ही हात हातात घेतले. चांगली बाई होती. चाळीस मुलांचं करून दमलेली, केस पिकलेली, आवाज मऊ. त्यांना वाईट म्हणता आलं असतं तर मला बरं झालं असतं.

"हे चित्र आमच्या समितीनं पाहिलं," त्या म्हणाल्या. "आमचे अध्यक्ष तर रडले. आम्ही सगळ्या कर्मचाऱ्यांना हे दाखवलं, की हे असं प्रेम आपल्याला द्यायचंय."

नंदा पिशवी मांडीवर घेऊन बसली. नवी जागा बघून ऋतिक बावरला होता. एरवी त्यानं टेबल उलटं केलं असतं, कुणाला तरी चावला असता. नेमका त्या दिवशी तो तिला चिकटून बसला, डोकं तिच्या खांद्यावर टाकलं आणि तिच्या पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं. वृषालीताईंनी एकदा त्यांच्याकडं पाहिलं, एकदा फ्रेमकडं. त्यांचे डोळे भरून आले.

"आता कसं सांगू तुम्हाला," त्या म्हणाल्या. "दोन्ही जागा दिल्या आम्ही. एक मुलगा ओतूरकडचा आहे, त्याची आई दिवाळीत वारली, घरी एक म्हातारे आजोबा. दुसऱ्याची आई त्याला टाकून निघून गेली. तुमचा नंबर होता, नाही असं नाही. पण समितीचं म्हणणं पडलं, अशी आई असताना मुलाला तिच्यापासून तोडणं हे पाप आहे. इथं आम्ही चाळीस मुलांना सहा जणी. त्याला तुमच्याकडं जे मिळतंय ते आम्ही जन्मात देऊ शकणार नाही."

नंदाला कळायला थोडा वेळ लागला. मग तिनं विचारलं, "जी गेली, तिच्या पोराला घेतलं?"

"हो. काय करणार? त्याला कोणीच नाही."

"म्या बी गेलते," नंदा म्हणाली. "मला माघारी आणली."

वृषालीताईंना ते समजलं नाही. मी पुढं झालो. मी म्हणालो, "मॅडम, ते चित्र खोटं आहे. मीच काढलंय, मी सांगतो. त्यात पदर नव्हता, दोर होता. दोघांच्या कमरेला दोर बांधलेला होता, तो मी पुसून टाकला."

"दोर?" त्यांचा आवाज बदलला. "मुलाला बांधून ठेवता?"

"त्याला न्हाई बांधलं," नंदा म्हणाली. "मला बांधलंय."

वृषालीताईंनी वहीत काहीतरी लिहिलं. मग अगदी समजुतीनं म्हणाल्या, की बांधणं बरं नाही, आमच्याकडच्या समुपदेशक ताई महिन्यातून एकदा लोणीला येतील, मुलाला कसं हाताळायचं ते दाखवतील. मी ऑपरेशनचं सांगितलं. तीन महिन्यांपुरतं तरी घ्या म्हणालो. त्या म्हणाल्या, तात्पुरतं घेता येत नाही, तसा नियम आहे, मूल रुळतं न रुळतं तोच परत न्यायचं म्हणजे त्याचे हाल. कुणी नातेवाईक बघा.

तेव्हा नंदानं पिशवी खाली ठेवली. "बाई," ती म्हणाली, "मला त्यो नको झालाय. वीस वर्सं झाली. रोज सकाळी त्याचं हागल्यालं धुताना म्या म्हणते, आज तरी मरावा. फिट आली का थांबते म्या, का आता तरी जाईल. माझी माया बिया काय न्हाई. ऱ्हायली न्हाई. मला त्यो नकोय."

ती हळू बोलली. खोलीत पंख्याचा आवाज होता. मला वाटलं, आता झालं, आता तरी हिला कळेल. वृषालीताई उठल्या, टेबलाला वळसा घालून आल्या आणि नंदाचं डोकं त्यांनी पोटाशी धरलं.

"बोला, मोकळ्या व्हा," त्या म्हणाल्या. "एवढा जीव लावणारी आईच असं बोलू शकते. मला कळतंय."

नंदा त्यांच्या पोटाशी डोकं टेकून तशीच बसली. तिच्या खांद्यावरून मला फ्रेम दिसत होती. मी वीस वर्षं रंग हाताळले, पण माझ्या चित्रात एवढी ताकद असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. बाई समोर बसून जिवाच्या आकांतानं सांगत होती आणि तिचं कुणी ऐकत नव्हतं, कारण भिंतीवरची तीच बाई दुसरं सांगत होती.

निघताना वृषालीताई दारापर्यंत आल्या. तिला धीर द्यावा म्हणून म्हणाल्या, "तुम्ही काळजी करू नका. उद्या देव न करो, तुम्हाला काही बरंवाईट झालं, तर ऋतिकला आम्ही त्याच दिवशी घेऊ. त्याला वाऱ्यावर सोडणार नाही."

नंदा पायरीवर थांबली. "त्याच दिशी?"

"त्याच दिवशी."

"लिहून द्याल?"

वृषालीताई किंचित हसल्या. मग तिचा चेहरा बघून म्हणाल्या, समितीपुढं ठेवते.

परतीच्या वाटेवर ऋतिक चिडला. नारायणगावाच्या अलीकडं त्यानं नंदाच्या दंडाला असा चावा घेतला की मला गाडी बाजूला घ्यावी लागली. तिनं त्याचं नाक दाबून दंड सोडवला, रक्त पुसलं आणि म्हणाली, "चला." मी स्टिअरिंगवर डोकं टेकलं. म्हणालो, "वहिनी, चुकलं माझं. मी चित्र परत काढतो. सगळं काढतो, दोर, चावे, सगळं. समितीला नेऊन दाखवतो."

"चितर नको आता," ती म्हणाली. "त्येवढं पत्र मिळवून द्या."

मी मिळवलं. माझ्या हातून काहीच झालं नाही, निदान एवढं तरी व्हावं, असं मला वाटत होतं. अपराधी माणसाला काहीतरी करून दाखवायची घाई असते. मी चार फोन केले, दोनदा आळेफाट्याला जाऊन आलो, अध्यक्षांना भेटलो. त्यांनी चित्राबद्दल अर्धा तास बोलून घेतलं आणि सही केली. संस्थेचा कागद, गोल शिक्का, जावक क्रमांक. मला त्या दिवशी बरंही वाटलं, हे कबूल करतो. घरी येऊन आरतीला दाखवलं. तिनं वाचलं, कागद टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "हे तिला देऊ नका."

"का? तिच्या जिवाला तेवढीच शांती."

आरती आत निघून गेली. तेव्हा तरी मला उमजायला हवं होतं, पण मी मोटारसायकलला किक मारली.

लोणीला पोचलो तेव्हा सकाळचे दहा वाजले असतील. नंदा दारात उकिडवी बसून ऋतिकची दाढी करत होती. एका हातानं त्याची हनुवटी धरायची, वस्तरा एकदा ओढायचा, थांबायचं, तो हलला की पुन्हा. मी शेजारच्या दगडावर बसलो. दाढी झाली, तिनं त्याचं तोंड पुसलं, वस्तरा आडव्या दांडीवर उंच ठेवला आणि हात धुऊन आली.

"वाचा," ती म्हणाली.

मी वाचलं. सरकारी मराठीत होतं. श्रीमती नंदा यमाजी यांच्या पश्चात त्यांचे चिरंजीव ऋतिक यांस संस्थेत तत्काळ व प्राधान्याने प्रवेश देण्यात येईल.

"पश्चात म्हंजी?"

"तुमच्यानंतर."

"म्या मेल्यावर."

"हो. म्हणजे पुढं कधीतरी. म्हातारपणी," मी म्हणालो.

"आन् खाली काय लिवलंय?"

खाली एक ओळ होती. समितीला नियमाप्रमाणं घालावी लागली होती, मी तिकडं फारसं लक्ष दिलं नव्हतं. "सदर पत्र दिनांकापासून एक वर्षापर्यंत ग्राह्य राहील."

"म्हंजी येक वर्स चालंल."

"नंतर परत करून घेऊ. मी आहे ना."

तिनं कागद घेतला, उलटा-सुलटा करून शिक्का बघितला आणि चार घड्या घालून चोळीत ठेवला. मग ती दाराच्या चौकटीला पाठ टेकून बसली. मी तिला इतकी वर्षं बघतोय, रेघ न् रेघ काढलीय तिची. पण कपाळावरची आठी उतरलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. ती दहा वर्षांनी लहान दिसत होती. मला त्या चेहऱ्याची भीती वाटली.

"बक्कळ झालं," ती म्हणाली. "ह्याचा बा जेठात येतोय मेंढरं घेऊन. त्यो आल्यावर ह्याला तिकडं पोचवायला माणूस ऱ्हाईल घरात. तवर दिस निघतील."

आरतीनं पत्र का देऊ नका म्हटलं, ते मला आत्ता कळलं. मी उठलो. म्हणालो, "वहिनी, ते पत्र द्या इकडं. त्यात चूक राहिलीय, दुरुस्त करून आणतो."

नंदानं चोळीवर पदर ओढून घेतला. ऋतिक अंगणात माती उकरून तोंडात घालत होता. ती त्याच्याकडं गेली, बोट घालून त्याच्या तोंडातली माती काढली आणि त्याला आत घेऊन गेली. मी दारातून पुन्हा दोनदा पत्र मागितलं. तिनं दिलं नाही.